अंजिरांच्या दोन टोपल्या

जानेवारी 2023. भिलाईच्या टाउनशिपमधल्या एका क्वार्टरात आमची मराठी प्रार्थनासभा होती. पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, आतल्या खोलीत ब्लँकेटं, स्वेटर आणि डाळ-तांदळाच्या पिशव्यांचा ढीग. नारायणपूरला धाडायचं सामान होतं ते. डिसेंबरात छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतून ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना मारून-झोडून बाहेर काढलं होतं. शेकडो माणसं, लेकुरवाळ्या बायांसकट, नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये थंडीत पडून होती. 2 जानेवारीला तर खुद्द नारायणपूर शहरातल्या चर्चमध्ये जमाव घुसला, मोडतोड झाली, अडवायला गेलेल्या पोलीस अधीक्षकांचं डोकं फुटलं.

त्या संध्याकाळी संदेश द्यायला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी मोशेच्या पाच ग्रंथांतला शेवटचा ग्रंथ उघडला. मराठी बायबलात त्याचं नाव 'अनुवाद'. अध्याय अठ्ठाविसावा. आज्ञा पाळाल तर आशीर्वाद, मोडाल तर शाप, आणि शापांच्या अखेरीस देशोधडी. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "जे लिहिलंय तेच बस्तरमध्ये घडतंय. ही माणसं अर्धवट विश्वासात होती. घरात क्रूस आणि शेतात जुना देव. म्हणून देवानेच त्यांना गावाबाहेर काढलं. ब्लँकेटं जरूर द्या, पण आधी पश्चात्ताप करायला सांगा."

दाराजवळ कोंडागावकडची एक बाई बसली होती. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्या भावाच्या आसऱ्याला ती आली होती. तिची बोली हलबी. हलबी आणि मराठी शेजारणी आहेत, एकीचं बोलणं दुसरीला पुष्कळसं कळतं. म्हणजे त्या खोलीत जे बोललं गेलं ते तिला कळलं. तिचं कापलेलं धान गावातल्या बियाऱ्यात, आपण खळं म्हणतो तिथे, रचलेलं तसंच राहिलं होतं. अध्यायात दुसऱ्याने पीक खाण्याचा शापही आहे. उपदेशकांनी तोही वाचून दाखवला. बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मान खाली घातली.

मी त्या दिवशी बोललो नाही. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून गप्प बसलो आणि ते चुकलंच. तेव्हापासून हाच युक्तिवाद निरनिराळ्या तोंडून ऐकतो आहे, कुणाला गावात दफनाला जागा नाकारली की, कुठे सभा उधळली की. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो.

आधी एक कबूल करतो. बायबलात हद्दपारीची ताकीद आहे आणि ती कडक आहे. 'अनुवाद'च्या त्या अध्यायात आशीर्वादांना चौदा ओव्या पुरतात, शापांना पन्नासाहून अधिक लागतात. लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात तीच ताकीद पुन्हा येते. यिर्मया, आमोस, मीखा, यहेज्केल, हे संदेष्टेही तेच सांगतात. हे सगळं जुन्या करारातलं आहे, आपण नव्या करारातले, असं म्हणून जे लोक ती पानं उलटून पुढे जातात त्यांच्यातला मी नाही. माझी तक्रार उलट आहे. उपदेशकांनी ती पानं पुरती वाचलीच नाहीत. ताकीद आहे हे त्यांनी सांगितलं. ती कोणाला दिली आणि कशाबद्दल दिली, हे सांगितलं नाही.

कोणाला दिली ते पाहा. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं आणि लोक पाडाव करून नेले. कोणाकोणाला नेलं त्याची यादी '2 राजे' या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. राजा, राजमाता, राण्या, दरबारी, सरदार, लढवय्ये, कारागीर आणि लोहार. मागे राहिले ते देशातले अगदी कंगाल. भिलाईत राहणाऱ्या माणसाला त्या यादीतले लोहार बरोबर दिसतात. ज्याच्या हाती लोखंड त्याच्या हाती सत्ता, हे नबुखद्नेस्सरला ठाऊक होतं. अकरा वर्षांनी, 586 मध्ये, शहर जाळलं, मंदिर पाडलं, तेव्हाही तेच झालं. आणि यिर्मयाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्यावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही: ज्यांच्याजवळ काही नव्हतं अशा गरिबांना बाबेलच्या सेनापतीने देशातच ठेवलं आणि त्यांना द्राक्षमळे व शेतं दिली.

म्हणजे ज्या घटनेला बायबल देवाची शिक्षा म्हणतं, तिच्यात राजवाडा रिकामा झाला आणि भूमिहीनाला जमीन मिळाली. नारायणपूरला काय झालं? दोन-चार एकर धान पिकवणारा बाहेर गेला. दोन्हींना एकच नाव कसं देता येईल?

आता ताकीद कशाबद्दल होती ते पाहू. यिर्मयाचा चौतिसावा अध्याय घ्या. यरुशलेमला वेढा पडलाय. राजा सिद्कीया घाबरून करार करतो की आपल्याच जातभाईंना गुलाम करून ठेवलंय, त्यांना सोडून द्यायचं. श्रीमंत लोक सोडतात. तेवढ्यात मिसरचं सैन्य येतंय असं कळून बाबेलची फौज वेढा उठवते. धोका टळला असं वाटताच हीच मंडळी सोडलेले दास-दासी पकडून आणतात आणि पुन्हा कामाला जुंपतात. यिर्मया त्यांना सांगतो, तुम्ही भावाला मोकळीक दिली नाहीत, आता देव तुम्हाला मोकळं करतोय, तलवारीच्या, रोगराईच्या आणि दुष्काळाच्या हवाली. बाबेलची फौज परत येईल. पाडाव होण्याचं कारण याहून स्पष्ट शब्दांत कुणी काय सांगणार? दिलेला शब्द फिरवून माणसांना परत जुंपलं, हे ते कारण.

मीखाचा दुसरा अध्याय तर आमच्या आजच्या विषयावरच आहे. रात्री अंथरुणावर पडून बेत आखणारे आणि उजाडताच, हाती बळ आहे म्हणून, दुसऱ्याचं शेत आणि घर बळकावणारे लोक त्यात आहेत. बायांना त्यांच्या राहत्या घरांतून हाकलणारे, त्यांच्या लेकरांचं छत्र हिरावणारे आहेत. त्यांना मीखा सांगतो की उठा, चालू लागा, ही जागा आता तुमच्या विसाव्याची नाही. हद्दपारीचा हुकूम त्यांच्यावर सुटतो. घर ज्याने उजाडलं त्याच्यावर. जिचं घर उजाडलं त्या बाईवर नव्हे. उपदेशकांनी हुकूमनामा बरोबर वाचला आणि पत्ता चुकवला. तो त्यांनी दाराजवळच्या बाईच्या हातात दिला.

आमोसाकडे आणखी एक गोष्ट आहे. हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, बुधल्यांनी द्राक्षारस पिणारे आणि भावाच्या विनाशाचं दुःख नसलेले, पाडाव होणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे असतील असं त्याने सांगितलं. बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या याला ते सहन झालं नाही. त्याने राजाकडे आमोसाची चुगली केली आणि आमोसाला फर्मावलं की निघून जा, तुझ्या यहूदात जाऊन पोट भर, इथे बोलायचं नाही. या गोष्टीत गावाबाहेर काढला गेलेला माणूस संदेष्टा आहे आणि काढणारा याजक. बाहेर काढला गेला म्हणून आमोस देवाचा अपराधी ठरतो का?

उपदेशकांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो टाळायचा नाही. '2 राजे'च्या सतराव्या अध्यायात शोमरोन, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी, का पडलं याची कारणं दिली आहेत आणि त्यात मूर्तिपूजेला पहिला मान आहे. उंच टेकड्यांवरची ठाणी, बआलाची सेवा, आकाशातल्या ताऱ्यांची पूजा. हे खरं आहे. पण त्याच ग्रंथात थोडं पुढे यहूदाच्या नाशाचं कारण देताना मनश्शे राजाचं नाव येतं आणि त्याने यरुशलेम निरपराध्यांच्या रक्ताने भरून टाकलं, त्याची क्षमा करायला देव तयार झाला नाही, असं येतं. यिर्मया सातव्या अध्यायात मंदिराच्या दाराशी उभा राहून बोलतो तेव्हा परदेशी, पोरकं मूल आणि विधवा यांच्यावर जुलूम, निरपराध्याचं रक्त आणि परक्या देवांच्या मागे लागणं, हे सगळं एका दमात मोजतो. आणि ते ऐकणारे रोज देवळात येणारे होते, देवाचं मंदिर आपल्याकडे आहे, आपल्याला काय होणार, अशा भरवशावर असलेले. बआलाची भक्ती आणि गरिबाची लूट संदेष्ट्यांनी कधी वेगळी काढली नाही. आपण मात्र त्यातली पहिली तेवढी उचलतो, कारण ती दुसऱ्याच्या अंगणात दाखवता येते.

लेवीयातला एक बारकावाही सांगतो. तिथे लोक देशाबाहेर गेल्यावर जमिनीला तिची विश्रांती मिळेल असं म्हटलंय, जी त्यांनी तिला दिली नव्हती. दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचं, आपोआप उगवेल ते गरिबांना आणि रानातल्या जनावरांना, असा नियम होता. 'इतिहास' ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात बाबेलच्या सत्तर वर्षांचा हिशेब या थकलेल्या विश्रांतीशी जोडला आहे. रावघाटच्या डोंगरातलं लोखंड भिलाईच्या भट्ट्यांना लागणार म्हणून दल्ली राजहऱ्यापासून नारायणपूरच्या दिशेने रेल्वे टाकली जात असताना, जमिनीच्या थकबाकीचा हा अध्याय आम्हा भिलाईकरांनी स्वतःसाठी वाचायला हवा. बस्तरच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी तो नाही.

काही जण म्हणतात, पाडाव झालेल्यांनी स्वतःच पाप कबूल केलं ना? केलं. विलापगीतात केलं, दानिएलाच्या नवव्या अध्यायात केलं, नहेम्याने केलं. इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर हद्दपारी हे अश्शूर आणि बाबेल यांचं राज्य चालवण्याचं ठरलेलं तंत्रच होतं. जिंकलेल्या मुलखातली माणसं उचलायची आणि दुसरीकडे नेऊन वसवायची. शोमरोनहून 27,290 माणसं नेली असं अश्शूरच्या सर्गोन राजाने आपल्या शिलालेखात नोंदवून ठेवलंय. यहूदी लोक मात्र म्हणाले, बाबेलचा देव मर्दूक जिंकला आणि आमचा देव हरला असं नाही, आमच्या हातून चुकलं म्हणून हे झालं. उद्ध्वस्त झालेल्या लोकांनी आपला देव सांभाळण्यासाठी घेतलेला तो आधार होता, आणि त्यात मोठं धैर्य होतं. पण त्या कबुलीतला कर्ता 'आम्ही' आहे. आईच्या मयताला बसलेली लेक म्हणते, माझंच चुकलं, मी वेळेवर आले नाही. तेच वाक्य शेजाऱ्याने तिला 'तुझंच चुकलं' असं ऐकवलं तर आपण त्याला काय म्हणू?

आणि बायबल त्या शेजाऱ्याला काय म्हणतं तेही लिहिलेलं आहे. यिर्मयाच्या पन्नासाव्या अध्यायात इस्राएलाला फाडून खाणारे शत्रू म्हणतात की यात आमचा काही दोष नाही, यांनीच आपल्या देवाचा अपराध केलाय. उपदेशकांचं वाक्य बायबलात शोधायला गेलं तर ते इथे सापडतं, शत्रूच्या तोंडी. ओबद्याचं सबंध पुस्तक, एकाच अध्यायाचं, अदोमावर आहे, कारण यरुशलेम लुटलं जात असताना तो भाऊ असून बाजूला उभा राहिला आणि मनात खूश झाला. जखऱ्या सांगतो, देव आपल्या लोकांवर थोडासाच रागावला होता, बाकीच्यांनी त्या रागाचं निमित्त करून कहर केला.

आता टोपल्यांकडे येतो. यिर्मयाच्या चोविसाव्या अध्यायात त्याला मंदिरापुढे अंजिरांच्या दोन टोपल्या दिसतात. एकीतले अंजीर पहिल्या बहराचे, उत्तम. दुसरीतले इतके नासलेले की तोंडात घालवत नाहीत. नुकतंच 597 चं पहिलं पाडाव होऊन गेलंय. शहरात उरलेल्यांना वाटतंय, गेले ते वाईट, राहिलो ते चांगले. देव यिर्मयाला उलटं सांगतो. उत्तम अंजीर म्हणजे बाबेलला नेलेले लोक. नासके अंजीर म्हणजे सिद्कीया, त्याचे सरदार आणि देशात सुखरूप राहिलेले. बाहेर काढलं जाणं म्हणजे देवाने टाकणं, हा हिशेब खुद्द ताकीद देणाऱ्या संदेष्ट्यानेच मोडून काढला आहे.

यहेज्केलाने त्या हिशेबामागचा हेतूही उघडा केलाय. तो स्वतः पाडाव झालेला, बाबेलमध्ये कबार नदीकाठी राहणारा. त्याच्या अकराव्या अध्यायात यरुशलेमकर काय बोलत होते ते येतं. गेलेले लोक देवापासून दूर झालेत, आता ही जमीन आमची, असं ते म्हणत होते. या बोलण्याची दोन टोकं एकत्र धरून पाहा. एका टोकाला दूर गेलेल्यांच्या पापाची चर्चा, दुसऱ्या टोकाला त्यांच्या सात-बाऱ्यावर डोळा. देव उत्तर देतो की मी त्यांना दूर नेलं असलं तरी ते गेले तिथे थोड्या काळासाठी मीच त्यांचं पवित्रस्थान झालो आहे. मंदिर यरुशलेमात दगडाचं उभं होतं आणि देव बाबेलच्या कालव्यांकाठी राहायला गेला होता. नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियमबद्दल बोलायचंच तर आमच्या उपदेशकांना वाचायला हा अध्याय होता.

मराठी वाचकाला यासाठी बाबेलपर्यंतही जायला नको. आपल्या कोकणात बेने इस्राएल राहिले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी ते आपली कुळकथा सांगतात. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं घेतली, घरात मराठी बोलले. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये सभास्थान बांधलं. इतक्या शतकांत मी वाचलेल्या त्यांच्या कुठल्याही कहाणीत, आम्ही पापी म्हणून देवाने आम्हाला कोकणात टाकलं, असा सूर मला आढळला नाही. मलिद्याचा विधी करायचा, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं, शब्बाथ पाळायचा. 1948 नंतर ते इस्राएलला गेले आणि तिथल्या धर्मपीठाने त्यांच्याच यहूदीपणावर, त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली. दूर राहिलात, म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, हीच ती भाषा. या माणसांनी धरणं धरली, झगडले आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहूदी आहेत असा ठराव केला. केंद्रात बसलेल्यांनी दूरच्यांची शुद्धता तपासायची, हे यहेज्केलाच्या काळापासून चालत आलंय.

येशूने या प्रश्नावर काय म्हटलं ते लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून त्याने स्वतःच नाही म्हटलं, आणि पश्चात्ताप करा असं सांगितलं ते समोर उभ्या असलेल्या जिवंत लोकांना. भिलाईत हा उतारा मी 12 जून 2014 शिवाय वाचू शकत नाही. त्या संध्याकाळी प्लांटच्या पंपहाउसमध्ये पाण्याची पाइप फुटली, दाब उतरला, पाण्याने अडवून धरलेला भट्टीचा वायू उलटा आत शिरला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सहा माणसं गेली, त्यांत मोठे अधिकारीही होते. दुसऱ्या दिवशी गावात कोणी त्या सहा जणांचं पाप शोधलं नाही. पाइप का फुटली, दाब उतरल्याचं वेळेत का कळलं नाही, हेच लोकांनी विचारलं. पोलादाच्या गावाला हा विचार करता येतो. मग बस्तरच्या बाबतीत आपण पाइप कुठे फुटली हे विचारायचं सोडून मेलेल्याचं चारित्र्य का तपासतो?

मला सगळ्यांत जास्त टोचतं ते पुढेच आहे. ज्या गावांनी या कुटुंबांना बाहेर काढलं त्यांचं म्हणणं काय होतं? यांनी गावदेवाला सोडलं, सणाची वर्गणी देत नाहीत, गावच्या देवस्थानात, देवगुडीत, येत नाहीत, देव कोपेल, सगळ्या गावाला भोगावं लागेल, म्हणून यांना गावात जागा नाही. आणि आमचे उपदेशक काय म्हणाले? यांनी जुना देव पुरता सोडला नाही, देव कोपला, म्हणून यांना गावात जागा राहिली नाही. दोघांचं गणित एकच आहे, देवाचं नाव तेवढं बदललंय. हाकलणाऱ्याला आणि हाकलण्याचं समर्थन करणाऱ्याला एकच धर्मशास्त्र पुरतं, तेव्हा त्या धर्मशास्त्रातच खोट आहे. मी गावकऱ्यांच्या श्रद्धेचा अनादर करत नाही. बस्तरच्या देवगुडीला, तिथल्या सिरहा-गायता पुजाऱ्यांना आमच्यातल्या काही प्रचारकांनी नाही नाही ते शब्द वापरले आहेत, हे मी स्वतः ऐकलंय आणि ते लाजिरवाणं आहे. पण त्या अपशब्दांची भरपाई बाळंतिणीला जंगलात काढून होत नाही.

हे गणित मेल्यावरही माणसाला सोडत नाही. बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावचे एक पाळक 7 जानेवारी 2025 रोजी वारले. मुलाला बापाला गावातच माती द्यायची होती, गावाने विरोध केला. उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, आणि देह जगदलपूरच्या शवागारात पडून राहिला. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफनाला परवानगी असावी असं म्हटलं. न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच व्हावं असं म्हटलं. आणखी विलंब नको म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालला दफन करायचा आदेश झाला. वीस दिवस. त्या वीस दिवसांत आमच्याच एका मंडळीत कोणी म्हणालं, देवाची काहीतरी योजना असेल. मी त्यांना विचारलं, तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही किती दिवस ही योजना मान्य कराल? त्यांनी उत्तर दिलं नाही.

आपल्याकडे आळंदीची गोष्ट पाठ नसलेला माणूस सापडायचा नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई वाळीत पडले, शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पोरं मागे राहिली. त्या काळी गावाने तीही देवाच्या आज्ञेची शिक्षाच समजली होती. आज वारीत चालणारा एकही माणूस सांगत नाही की शास्त्र्यांचं बरोबर होतं. नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून आमच्या शेजारच्या राजनांदगावला निघाले, गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचून ते अडकले, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर घरदार, गोत, सगळं तुटलं. लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ती ताटातूट 'स्मृतिचित्रे'त वाचताना डोळे भरून न आलेला मराठी वाचक मला भेटलेला नाही. वाचताना कोणाला देवाची शिक्षा आठवते का?

आणि पंडिता रमाबाई. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळला जाऊन राहिले, तिथे 1858 मध्ये रमाबाईंचा जन्म. पुढे दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेली. त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या, ज्याच्यात तेव्हा छत्तीसगडचा बराचसा भागही मोडत होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पुढे सबंध बायबल मराठीत आणणारी बाई ती. अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय, उपाशी मरण्याच्या शापांसकट, तिने स्वतःच्या हाताने मराठीत उतरवला. दुष्काळी छावण्यांतल्या हाडांच्या सापळ्यांसमोर उभं राहिल्यावर तिने त्यांना कुणाच्या पापाचं फळ हे, असं विचारलं नाही. सुमारे तीनशे मुली तिने केडगावला नेल्या आणि आधी त्यांना जेवायला घातलं.

यिर्मयाची एक गोष्ट राहिली. बत्तिसावा अध्याय. शहराला वेढा आहे, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि सगळं जाणार हे त्यानेच चाळीस वर्षं सांगितलंय. अशा वेळी चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं आपलं शेत विकत घे. यिर्मया सतरा शेकेल रुपं तोलून देतो. खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहर लावलेली आणि एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून, कारण या देशात पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जाणार आहेत. हद्दपारीची ताकीद देणाऱ्या माणसाने गावच्या जमिनीवरचा हक्क सोडला नाही.

त्या सभेनंतर दोन दिवसांनी दाराजवळची ती बाई भावाला घेऊन माझ्याकडे आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तिची ऋणपुस्तिका होती. शेताच्या कागदांना छत्तीसगडात तेव्हा हेच नाव होतं. खसरा नंबर, रकबा, सासऱ्याचं नाव, शिक्का. घर सोडताना धान राहिलं, कोंबड्या राहिल्या, हा डबा तिने पोरीच्या आधी उचलला होता असं भाऊ म्हणाला, आणि ती रागावून म्हणाली की नाही, पोर कडेवर होतीच. आम्ही भिलाईतल्याच पॉवर हाउस भागात जाऊन झेरॉक्स काढल्या. दुकानदाराने विचारलं, किती? ती म्हणाली, दोन. एक तिने पदराच्या गाठीत बांधली, कलेक्टर ऑफिसात दाखवायला. दुसरी मूळ पुस्तिकेबरोबर पुन्हा डब्यात गेली, आणि झाकण घट्ट बसेपर्यंत तिने ते दोन्ही हातांनी दाबलं.